हिरव्या शाईचं टिंब

सर तिला 'बेटा' म्हणायचे आणि मला 'मॅडम'. माझा मत्सर इथून सुरू झाला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याविषयी भलता आदर बाळगायला नको. मी साठी ओलांडलेली, राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. ती बत्तीस वर्षांची, लोणी काळभोरच्या शेतकरी घरातली, तिकडच्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी. सर ऐंशीच्या पुढचे. फारसी शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि आता ते कॅम्पातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मुलगा-सुनेबरोबर राहायचे. मंगळवारी आणि शनिवारी दुपारी तीन वाजता आम्ही दोघी त्यांच्यासमोर बसत असू.

पण आधी मी एकटी जात होते. चार वर्षं. धायरीहून बस, स्वारगेटला उतरून दुसरी बस, आणि मग गुडघे सांभाळत दोन जिने. हे सगळं कशासाठी, असं माझी बहीण विचारायची. तीस वर्षं मी वर्गात युरोपातल्या विचारवंतांवर बोलले. मध्ययुगीन इस्लामी राज्यविचार आमच्या अभ्यासक्रमात दीड पानाचा होता, त्यावर परीक्षेत प्रश्न येत नसे, म्हणून कुणी तो शिकवत नसे. मीही शिकवला नाही. पण ते दीड पान मला टोचत राहिलं. माझे आजोबा बौद्ध झाले, वडील शिकून कोर्टात कारकून झाले. आमच्या घरात देव्हारा नव्हता, कपाटाच्या वरच्या कप्प्यात संविधानाची प्रत होती. राज्य करणारा कायद्याच्या वर की खाली, यावर वडील जेवतानासुद्धा बोलायचे, आणि भाजी गार व्हायची. आठ-नऊशे वर्षांपूर्वी सुलतानाच्या पदरी नोकरी करणारे काझी याच प्रश्नाशी कसे झुंजले असतील, हे मला त्यांच्याच शब्दांत वाचायचं होतं. म्हणून साठीच्या तोंडावर फारसीची मुळाक्षरं, अलिफ-बे.

सरांकडे त्यांच्या आजोबांपासून आलेली एक हस्तलिखित पोथी होती. पहिली पानं गेलेली, त्यामुळे लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. काझी असावा, एवढंच मजकुरावरून कळत होतं. सुलतानाने आठवड्यातून दोन दिवस दारावरचे पहारेकरी हटवून लोकांची गाऱ्हाणी ऐकावीत, वजनं-मापं तपासणारा अधिकारी कसा असावा, धर्माचा कायदा जिथे दोन साक्षीदार मागतो तिथे राज्य चालवणाऱ्याला एका संशयावर माणूस आत टाकता येतो का, असा सगळा ऐवज. काझीने रागात किंवा पोटात भूक असताना निवाडा देऊ नये, असंही एका प्रकरणात होतं. मत्सराबद्दल मात्र त्याने तिथे काही लिहिलं नव्हतं. मी शोधलं होतं.

सर शिकवायचे ते जुन्या रिवाजाने. विद्यार्थ्याने अख्खा ग्रंथ वहीत उतरवून गुरूसमोर मोठ्याने वाचायचा. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी वहीत एक रिकामं वर्तुळ काढायचं. मग दुसऱ्या कुणीतरी मूळ आणि नक्कल शब्दाला शब्द ताडून पाहायची, आणि ताडून झाली की त्या वर्तुळात टिंब द्यायचं. रिकामं वर्तुळ म्हणजे लिहिलंय, टिंब असलेलं वर्तुळ म्हणजे तपासलंय. आपल्या लिखाणात आपण टिंब द्यायचं नाही. "टिंब ही साक्ष आहे," सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "साक्ष द्यायची नसेल तर वर्तुळ रिकामं ठेवा. रिकामं ठेवायला काही लागत नाही."

आणि शेवटी, सगळा ग्रंथ वाचून झाल्यावर, इजाजत. गुरूने स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद. मी हा ग्रंथ अमक्याकडून वाचला, त्यांनी तमक्याकडून, आणि आता हा माझ्याकडून वाचून शिकवायला मोकळा आहे, असा. सरांच्या कागदावर त्यांच्यामागे सहा नावं होती. ती साखळी पाहिली त्या दिवसापासून मला तो कागद हवा होता. पेन्शन, फ्लॅट, निरोप समारंभातली शाल, यातलं काहीही मला तेवढं नको होतं. आमच्या घराण्यात ज्याला आपल्या मागची सहा नावं सांगता येतील असं कुणी नव्हतं.

मग ती आली.

स्कूटरवरून, हेल्मेटच्या आत ओढणी कोंबून, सोलापूर रोडची सगळी धूळ अंगावर घेऊन. दीड वर्षात तिने जे वाचायला सुरुवात केली ते मला चार वर्षांत जमलं नव्हतं. तिचे वडील गावच्या भजनी मंडळात गातात. लहानपणापासून ऐकून ऐकून पाठ करायची तिला सवय. फारसीचं वाक्य ती एका दमात उचलायची आणि न सांडता खाली ठेवायची. मी वाचायला लागले की सर डोळे उघडे ठेवत. ती वाचायला लागली की मिटत. मी हे मोजत बसायचे.

पोथीचं मराठी करायचं ठरलं तेव्हा तर माझ्या अंगाचा तिळपापडच झाला. प्रकरणं वाटून घेतली, एक तिचं, एक माझं. तिचं मी तपासायचं, माझं तिने. शेतसाऱ्याच्या प्रकरणात मी लिहिलं होतं, 'कृषक वर्गाच्या उत्पादनक्षमतेचे संरक्षण हे शासनाचे कर्तव्य होय.' सरांनी ऐकलं आणि म्हणाले, "अर्थ बरोबर आहे. सरकारी पत्रक आलंय असं वाटलं." मग तिला विचारलं, तू कसं केलं असतंस. ती म्हणाली, "शेतकऱ्याच्या घरात निदान पेरणीपुरतं तरी राहू दे." सर हसले. गाऱ्हाणी ऐकण्याच्या क्रमाला तिने 'पाळी' हा शब्द घातला, शेतावर पाण्याची पाळी असते तसा, आणि आता त्या जागी मला दुसरा शब्द सुचतच नाही. शब्द तिच्याकडे घरूनच आले होते, मी ते ग्रंथालयांतून वेचले होते. माझ्या पोटात दुखायचं, अगदी शब्दशः, जेवणानंतर दुखतं तसं.

वाईट म्हणजे ती चांगली होती. माझ्यासाठी जिन्याखाली थांबायची. "ताई, हात द्या, पायरी लई उंच हाय," म्हणायची. सरांसमोर गेली की तिचं मराठी इस्त्री केल्यासारखं व्हायचं आणि माझ्याबरोबर पुन्हा गावाकडचं. हा विश्वास होता, हे आता कळतं. तेव्हा मला वाटायचं, ही मला सरांएवढी किंमत देत नाही.

पावसाळा संपता संपता सरांचा हात थरथरायला लागला. एका शनिवारी त्यांनी कपातला चहा बशीत सांडला आणि सुनेने पुसेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एक इजाजत लिहिता येईल. दोन नाही. ग्रंथ पुरा होऊ द्या, शेवटचं वाचन होऊ द्या, मग बघू." नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. ती खाली मान घालून बसली होती, आणि तिचे कान लाल झाले होते. तिलाही ठाऊक होतं.

दोन आठवडे मी नीट जेवले नाही. बसमध्ये खिडकीशी बसून मनातल्या मनात मी सरांसमोर भाषणं करत होते. मी आधी आले. माझं वय झालंय. तिच्यापुढे उभा जन्म आहे.

पुढच्या मंगळवारी तिला परीक्षेची ड्यूटी होती. आदल्या दिवशी ती धायरीला येऊन वही देऊन गेली. "ताई, येवढं प्रकरण ताडून ठेवा ना. शनिवारी सरांपुढं शेवटचं वाचायचंय." मूळ पानांचे फोटो सरांच्या सुनेने आम्हा दोघींना छापून दिलेले होते, त्यामुळे घरी बसून ताडता येत असे. प्रकरण होतं बळाने राज्य घेतलेल्या सुलतानाचं. अशाने नेमलेल्या काझीचे निवाडे खरे मानायचे की नाही, असा त्यात प्रश्न. आमच्या काझीचं म्हणणं, मानायचे. नाहीतर त्या काळातली लग्नं खोटी ठरतील, खरेदीखतं खोटी ठरतील, पोरकी होतील ती माणसं, ज्यांचा त्या गादीशी काही संबंध नाही.

मी वही उघडली. पहिला परिच्छेद वाचला. तो इतका सुरेख होता की मी वही मिटली.

कुकरची दुसरी शिट्टी झाली. मी पुन्हा उघडली. तिचं एक वाक्य, मूळचं एक वाक्य, असं आणखी वीस-पंचवीस पानं करायचं, आणि प्रत्येक वाक्याला ती माझ्यापेक्षा बरी आहे हे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. मला ते होईना. माझे वडील घरात एकच नियम पाळायचे, न वाचता कशावर सही करायची नाही, शाळेच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा नाही. त्यांच्या मुलीने तिसऱ्या शिट्टीच्या आत एकोणीस वर्तुळांत एकोणीस टिंबं दिली. न वाचता. गॅस बंद केला आणि वरणाला फोडणी घातली.

तपासणीला माझं पेन काळं असायचं. तिचं हिरवं. तिचं हिरवं पेन वहीतच अडकवलेलं होतं, आणि माझं आतल्या खोलीत, पर्समध्ये. मी उठले नाही.

शनिवारी ती वाचत होती, सर डोळे मिटून ऐकत होते. पोथी त्यांना पाठ होती. निम्मं प्रकरण झालं आणि त्यांनी हात वर केला. "थांब. एक ओळ गेली."

तिने मागे जाऊन पुन्हा वाचलं. ओळ खरंच गेली होती. मुळात लागोपाठ दोन वाक्यं एकाच शब्दांनी सुरू होतात. लिहिणाऱ्याची नजर पहिल्यावरून उठते आणि दुसऱ्यावर बसते, मधलं सगळं गळतं. नक्कल करणाऱ्या शंभरातल्या शंभर माणसांकडून हे होतं. टिंबाचा रिवाज आला तो त्यासाठीच.

"वर्तुळ?" सरांनी विचारलं.

सून शेजारी मटार सोलत होती. तिने वाकून पाहिलं. "टिंब दिलंय, अब्बा."

"कुठल्या शाईत?"

"हिरव्या."

सर तिला म्हणाले, "म्हणजे आपल्याच खटल्यात आपणच काझी. वा." आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रांगेत आपल्या पुढच्या माणसाकडे पाहतात तसं, आता तुमचा नंबर, अशा नजरेने. मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होते. त्यावर एका हळदीच्या पुड्यांची जाहिरात होती. ती मला आजही पाठ आहे.

"चुकलं, सर," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी सरांनी मला इजाजत लिहून दिली. तीन ओळींना त्यांना पाऊण तास लागला. मध्ये दोनदा पेन खाली ठेवलं. शेवटी माझं नाव लिहिताना रेघ जिन्यासारखी खाली उतरत गेली. मी तो कागद घरी आणून कपाटाच्या वरच्या कप्प्यात, संविधानाच्या प्रतीशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी तिथून काढून साड्यांखाली ठेवला.

ती यायची बंद झाली. आता मंगळवार माझा, शनिवार माझा, सर माझे एकटीचे. आणि पहिल्या मंगळवारी मी बसले नाही तोच त्यांनी विचारलं, "बेटा आली नाही?" शनिवारी विचारलं. पुढच्या मंगळवारी पुन्हा. मला मात्र अजून 'मॅडम'च. मी त्या रिकाम्या खुर्चीवर जळायला लागले. माणूस समोर नसतानाही त्याचा हेवा करता येतो, हे मला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात गळलेली ओळ तिच्या, सरांकडेच राहिलेल्या वहीत घालायची होती. काम माझ्याकडे आलं. मी ओळ सरांसमोर मुळातून वाचली आणि तिथेच मराठीत केली. काझीने लिहिलं होतं की अशा सुलतानाच्या राज्यातले निवाडे चालतील, कारण लोकांचा त्यात दोष नाही. पण बळकावलेलं त्याच्या मानेवर राहील, आणि ते उतरवणं दुसऱ्या कुणाच्या हातात नाही.

मी पेन खाली ठेवलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"टिंबं मी दिली होती," मी म्हणाले. "पेन तिचं होतं. वाचलं नव्हतं मी. आणि वाचलं नाही कारण मला तिचा हेवा वाटतो."

मला वाटलं होतं ते मला हाकलतील. त्यांनी कमरेमागची उशी नीट केली आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "बळाने गादी घेतलेल्याचे निवाडे का चालतात? सांगा."

"लोकांची घरं मोडू नयेत म्हणून."

"म्हणजे तो सुटला?"

"नाही."

"ओळ म्हणा."

मी ओळ म्हटली. फारसीत. एकही चूक न करता, बहुधा पहिल्यांदाच.

"कागद परत घेत नाही," सर म्हणाले. त्यांनी उजवा हात वर धरून मला दाखवला. तो वाऱ्यावरच्या कपड्यासारखा हलत होता. "दुसरा लिहिता यायचा नाही. आता ती जर कधी हा ग्रंथ शिकवणार असेल, तर तिचा कागद, मॅडम, आपणच लिहायचा. तिच्या साखळीत माझ्याखाली आपलं नाव येणार. तिला ते चालतंय का, हे आपण तिला विचारून या. मी विचारणार नाही." मग सुनेला हाक मारून म्हणाले, "एकच कप चहा कर." मी उठले.

स्वारगेटहून लोणी काळभोरची बस धरली. ती अंगणात कांदा निवडत होती, आई-वडिलांबरोबर. मला बघून उठली, पाणी आणलं, बसायला खुर्ची दिली. तिचे वडील म्हणाले, "या या, बाई. पुण्याच्या ताई त्या ह्याच का?" म्हणजे घरात माझं नाव चांगलं निघत होतं. मी ते पाणी अर्धंच प्यायले.

वडील आत गेल्यावर मी सगळं सांगितलं. कुकरच्या शिट्ट्यांसकट.

"मला ठाव हाय, ताई," ती म्हणाली. "पेन माझं हुतं, टिंबं माझी न्हवती. मी गोल टिंब देते. तुमचं घासल्यालं असतंय."

"मग तिथे बोलली का नाहीस?"

"तुमी बोलाल म्हणून थांबले." तिने एक सडका कांदा बाजूला टाकला. "लई थांबले."

मी सरांचा निरोप सांगितला. पुन्हा पहिल्या पानापासून वाचायचं, माझ्यासमोर, माझ्या घरी. कागद मी लिहायचा. ती म्हणाली, "बघते." पुण्यात 'बघते' म्हणजे नाही. लोणीत त्याचा काय अर्थ होतो ते मला माहीत नव्हतं, आणि विचारायचा धीर झाला नाही.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी अकरा वाजता दाराची बेल वाजली. हेल्मेट, ओढणी, धूळ. चहा नको म्हणाली. जेवणाच्या टेबलाशी बसली, नव्याने उतरवलेली वही उघडली, पहिल्या पानापासून वाचायला लागली. ती आधीपेक्षाही चांगलं वाचत होती. मी मनात म्हटलं, आता तरी जळणं थांबेल. थांबलं नाही. उलट वाढलं, कारण आता मला तिच्या वाचण्याचाच नाही, तिच्या येण्याचाही हेवा वाटत होता. तिच्या जागी मी असते तर आले नसते.

मी मूळ पानांवर बोट ठेवून एकेक शब्द ताडत होते. डोळे मिटायचा मोह होत होता, पण मिटले नाहीत. पहिला परिच्छेद संपला. तिने वर्तुळ काढलं आणि वही माझ्याकडे सरकवली. हिरवं पेन वहीवरच आडवं होतं. सवयीने माझा हात त्याच्याकडे गेला.

तिने ते पेन उचललं, टोपण लावलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

"तुमचं आणा, ताई," ती म्हणाली. "मी थांबते."

मी उठून आतल्या खोलीत गेले.